कुंडलच्या रानातील एक फेक

किर्लोस्करवाडी स्थानकावर उतरलो, तेव्हा उन्हे नुकतीच वर आली होती. या स्थानकाचे जुने नाव कुंडल रोड. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि पुढे स्थानकाचे नावही पालटले. कुंडल गाव मात्र आपल्या डोंगरांच्या कुशीत पूर्वीसारखेच आहे. प्रतिसरकारच्या लढ्यातील क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांचे हे गाव, कुस्तीच्या मैदानाचेही गाव. आणि आपल्या समाजासाठी कलिकुंड, झरी व गिरी या तीन पार्श्वनाथांचे क्षेत्र.

सोबत नाताळच्या सुट्टीत अमेरिकेहून आलेला पुतण्या होता. गावातील कलिकुंड पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन आम्ही डोंगर चढलो. झरी पार्श्वनाथांच्या गुहेत मन निवाले. तेथून गिरी पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन समवसरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विस्तीर्ण पठारावर आलो. पुतण्याने पिशवीतून एक चकती काढली, क्षणभर पठाराकडे पाहिले आणि ती पुन्हा आत ठेवली. “काका, ही जागा खेळायची नाही,” तो म्हणाला. मला बरे वाटले.

तो डिस्क गोल्फ खेळतो. एड हेड्रिक यांनी रूढ केलेल्या या खेळाचे पहिले कायमचे मैदान १९७५ साली लॉस एंजेलिसजवळ तयार झाले. खांबावर लोखंडी टोपली, तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या. कमीत कमी फेकींत चकती टोपलीत पाडायची. पहिल्याच फेकीत पडली तर मोठी शाबासकी.

संध्याकाळी आमच्या आप्तांच्या मोकळ्या रानात त्याने बांधावर द्राक्षाचे रिकामे क्रेट ठेवले व सत्तरेक पावले मागे आला. क्रेटच्या डाव्या अंगाला विहीर, उजवीकडे बाभूळ आणि पलीकडे पायवाट. तो बराच वेळ नुसता उभा राहिला. मी म्हणालो, “अरे, समोर तर आहे. टाक सरळ.”

तो हसला. उजव्या हाताने, अंगासमोरून आडवी फेकलेली चकती वेग असेपर्यंत सरळ जाते. वेग ओसरला की डावीकडे कलत खाली येते. म्हणून निशाणावर नेम धरायचा नाही, त्याच्या उजवीकडे धरायचा. समोरून वारा असेल तर चकती वर उचलली जाते आणि उजवीकडे वळू पाहते. पाठचा वारा तिला लवकर खाली पाडतो.

“इथे तीन वाटा आहेत,” तो सांगू लागला. “बाभळीच्या शेंड्यावरून डावीकडे वळवली तर दिसायला सुरेख, पण जोर जास्त झाला की विहिरीत. सरळ आणि जोरात टाकली तर लागण्याचा संभव सर्वांत अधिक. पण चुकली तर पायवाटेवर. तिसरी खालून, बेताच्या जोराची. ती चुकली तर क्रेटच्या अलीकडे मऊ मातीत पडेल.”

तेवढ्यात वैरणीचे भारे घेऊन दोघी बायका पायवाटेने आल्या. त्या दूर जाईपर्यंत तो थांबला. मग तिसऱ्या वाटेने चकती सोडली. ती क्रेटच्या दोन हात अलीकडे पडली. दुसऱ्या फेकीत अलगद आत गेली.

मला माझा बेदाण्याचा एक जुना हंगाम आठवला. भाव चढणार या खात्रीने दुकानाचे सारे भांडवल मी एकाच मालात गुंतवले होते. हिशेब चांगला मांडला होता; पण भाव उतरला तर काय, ही ओळ वहीत कोठेच नव्हती. भाव उतरला. त्या एका फेकीची परतफेड करण्यात घराची सहा वर्षे गेली, आणि तीत वडिलांची उतारवयातील निश्चिंतीही गेली. मी लाभाकडे पाहून वाट निवडली होती; हा मुलगा चुकल्यावर काय होईल, हे पाहून निवडत होता.

मुनिराजांच्या पाच समित्यांत आदाननिक्षेपण ही एक आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना जीवाला बाधा होऊ नये म्हणून जागा पाहणे, शोधणे. आपण गृहस्थ ती पूर्णपणे पाळू शकत नाही. पण तिचा अंश आपल्या वाट्याला येतोच. अनर्थदंडव्रतही हेच शिकवते की, निष्कारण होणारी हानी बेसावधपणातून घडते. हातातून सुटलेली वस्तू, मग ती चकती असो, शब्द असो वा भांडवल, परत बोलावता येत नाही. विचार करायचा तो मूठ उघडण्यापूर्वीच.

परतीच्या गाडीत पुतण्याने विचारले, “काका, एका फेकीत पडली असती तर जास्त आनंद झाला असता ना?” मी म्हणालो, “झाला असता. पण तू त्या बायकांसाठी थांबलास, त्याचा मला अधिक झाला.”