कपिल देवचे कार्ड



माझे शिक्षण पहिलीपासून पदवीपर्यंत हिंदी माध्यमात झाले. मराठी आली ती घरातून. या लेखातल्या चुका आपल्या मराठीच्या बाईंनी सुधारल्या आहेत, उरल्यासुरल्या माझ्या.

गेल्या महिन्यात सहावीच्या एका मुलाला माझ्यासमोर आणले. त्याने तिसरीतल्या मुलाकडून आयपीएलच्या खेळाडूचे चमचमते कार्ड घेतले होते आणि बदल्यात चार साधी दिली होती. लहानग्याच्या आईची तक्रार आली होती. मी रागावलो. तो शांतपणे म्हणाला, "सर, तो स्वतः हो म्हणाला. त्याला चार मिळाली, मला एकच." हिशेब चोख होता. मी कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवले आणि त्याला वर्गात पाठवले. उत्तर काही सुचले नाही.

आमच्या वेळी 'बिग फन' नावाचा बबलगम मिळायचा. त्यासोबत क्रिकेटपटूचे चित्र निघे, त्यावर धावा किंवा विकेट छापलेल्या असत. त्या जमवल्या की बक्षीस. पण बक्षिसासाठी चित्रे परत करायला जीव कुणाचा व्हायचा? राऊ स्टेशनजवळच्या ओट्यावर संध्याकाळी आमचा बाजार भरे. महूकडे जाणारी छोटी लाइनची गाडी गेली की घरी पळायचे, असा नियम. "पक्की?" "पक्की!" म्हणत टाळी दिली की सौदा संपला, माघार नाही.

जानेवारी 1988 मध्ये मद्रासच्या कसोटीत नरेंद्र हिरवानीने पदार्पणातच वेस्ट इंडिजच्या 16 विकेट घेतल्या, 136 धावांत. आपल्या मध्य प्रदेशाचा गोलंदाज! सारे इंदूर हरखून गेले. त्याचे कार्ड कुणाकडेच नव्हते. मी 'नईदुनिया'तला फोटो कापला, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर पिठाच्या खळीने चिकटवला आणि मागे शाईने 16 विकेट लिहिल्या. शेजारचा दुसरीतला मुलगा भुलला. त्याने त्याचा छापील कपिल देव देऊन माझा हिरवानी घेतला. पक्की.

पहिल्याच पावसात खळ सुटली. तो ओला पुठ्ठा घेऊन आमच्या दारात उभा राहिला. बोलला काहीच नाही. मी म्हणालो, "पक्की झाली होती ना?" आई आतून ऐकत होती. तिने त्या रात्री मला वाढले, पण माझ्याशी बोलली नाही. दिवाळीच्या आत त्याच्या वडिलांची बदली झाली. कपिल अजून माझ्या बिस्किटाच्या डब्यात आहे, कोपरे शाबूत.

अमेरिकेत बेसबॉलच्या खेळाडूंची अशी कार्डे आधी सिगारेटच्या आणि मग बबलगमच्या पाकिटातून निघत. मिकी मँटलचे 1952 चे एक कार्ड 2022 मध्ये लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरला गेले. आठवीच्या मुलांना हे सांगितले तर सगळ्यांचे डोळे विस्फारले आणि एकाने लगेच विचारले, "सर, तुमच्या कपिलचे किती येतील?" मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी सहावीच्या त्या मुलाला परत बोलावले आणि ही सगळी गोष्ट सांगितली. कार्ड परत कर असे म्हटले नाही, ड्रॉवरमधले कार्ड त्याच्या हातात दिले. तो बराच वेळ ते उलटसुलट करत राहिला. मधल्या सुट्टीत तो तिसरीच्या वर्गाबाहेर उभा दिसला. पुढे काय झाले ते मी विचारलेले नाही. त्या आईचा मात्र फोन आला नाही.

आजवर आपण शाळेत कार्डे जप्त करत होतो. आता दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सभागृहात अदलाबदल करता येईल. नियम एकच: सोमवारच्या प्रार्थनेपर्यंत कोणताही सौदा मोडता येईल, कारण विचारले जाणार नाही. पालकांनीही आपले जुने डबे घेऊन यावे, तिकिटे, नाणी, काडेपेटीचे छाप, काहीही चालेल. माझा डबा टेबलावर असेल. त्यातले काहीही मागा, कपिल सोडून. तो मी सांभाळायला ठेवला आहे.