निळे सात

पत्ते खेळताना भिडूशी बोलायचे नसते, हा नियम आम्ही शिकलो तो मोडताना. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळच्या माजघरात मेंढीकोटाचे डाव पडत. समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकी तेरा पाने, आणि चारपैकी अधिक दश्श्या ज्या जोडीकडे येतील तिची जीत. आमचे भिडू म्हणजे आमचे थोरले बंधू, दादा. दश्शी हाती असली की त्यांनी कानाची पाळी चाचपायची आणि हुकूम भरपूर असला की आम्ही खोकायचे, असा आमचा करार होता. तिसऱ्या दिवशी मामांनी सगळी पाने गोळा केली आणि म्हणाले, "खुणा करूनच जिंकायचं तर पत्ते लपवता कशाला? उघडे मांडा आणि दश्श्या मोजा."

मामांचे म्हणणे उमगायला बराच काळ जावा लागला. ज्या खेळांत हात करायचे असतात, त्यांत उतारी झालेल्या रंगाचे पान असेल तर तेच टाकावे लागते. त्यामुळे पडलेले पान दोन गोष्टी सांगते : काय आहे आणि काय नाही. बदामाच्या उतारीवर भिडूने चौकटची दुर्री टाकली, तर त्याच्याकडे बदाम उरलेले नाही हे चौघांनाही कळते. बाकीची पाने झाकलेली असतात म्हणूनच त्या क्षुल्लक दुर्रीचे विधान होते. ब्रिजमध्ये तर भिडूंना बोलण्यासाठी एकंदर 38 उच्चार दिलेले आहेत, त्यापलीकडे अक्षर काढायचे नाही. 1975 साली बर्म्युडा येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत भिडूंच्या मध्ये प्रथमच पडदे लावले गेले, आणि त्याच स्पर्धेत टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा आरोप एका जोडीवर आला. माणसाला भिडूशी बोलल्यावाचून राहवत नाही, हेच खरे.

गेल्या दिवाळीत पुतण्याने 'द क्रू' हा जर्मनीत 2019 साली निघालेला खेळ आणला. टॉमस झिंग यांनी रचलेल्या या खेळात प्रतिस्पर्धीच नाही. सगळे एकमेकांचे भिडू, आणि जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. चार रंगांची एक ते नऊ अंकांची पाने, शिवाय रॉकेटची चार पाने, हाच कायमचा हुकूम. कोणी कोणते पान जिंकायचे हे आधी ठरते. बोलायला मनाई. डावात एकदाच, आपले एक रंगीत पान उघडे ठेवून त्यावर एक सोंगटी ठेवता येते. ती वरच्या बाजूला असेल तर हे त्या रंगातले आपले सर्वांत मोठे पान, खालच्या बाजूला असेल तर सर्वांत लहान, मधोमध असेल तर एकमेव.

दादांना निळे पाच जिंकायचे होते. ते पान आमच्या हाती होते. जोडीला निळे आठ आणि निळे नऊही होते. दादांनी निळे सात उघडे ठेवले आणि सोंगटी मधोमध ठेवली. उतारी आमची होती. आम्ही विचार केला : दादांकडे एकच निळे पान आहे, ते लवकर संपवावे असे त्यांना वाटत असणार, म्हणजे पुढे निळ्या पाचावर त्यांना रॉकेट मारता येईल. आम्ही ऐटीत निळे नऊ काढले. दादांनी मुकाट्याने सात टाकले. त्यांच्याकडे रॉकेट नव्हतेच. डाव बुडाला.

"अरे, मी सरळच सांगितलं होतं," दादा म्हणाले. "पाच टाक, माझ्याकडे सात आहे. आठ-नऊ तुझ्याकडेच होते ना?"

होते. साताहून मोठे निळे पान आमच्यावाचून कोणाकडेच नव्हते. सगळी माहिती आमच्यापुढे असताना आम्ही त्यांच्या खुणेत आमचे चातुर्य वाचले. अनेक वर्षे वर्गात आनंदवर्धन शिकवला, विद्यार्थ्यांना वाच्यार्थापलीकडे पाहायला लावले. पण 'ध्वन्यालोका'तही व्यंग्यार्थाकडे जाण्याची वाट वाच्यार्थावरूनच जाते, हे तेथे पाने हातात धरून बसलेले असताना आठवले.

आणखीही एक गोष्ट आठवली. वडील गेल्यानंतर, बारा वर्षांपूर्वी, दादांचे चार ओळींचे पत्र आले होते. त्यात 'घराचे तू पाहा' असे एक वाक्य होते. त्यात आम्ही टोमणा वाचला, हात झटकणे वाचले, वाटणीची तयारीही वाचली. उत्तर पाठवले नाही. पुढे सणावारी भेटी होत राहिल्या, प्रकृतीची चौकशी होत राहिली, घराचा विषय मात्र कोणीच काढला नाही. दादांनी तो काढला नाही, याचाही आम्ही वर्षानुवर्षे अर्थ लावत बसलो. त्या वाक्याचा अर्थ कदाचित तेवढाच असेल : तू तिथे आहेस, मी दूर आहे, माझा तुझ्यावर विश्वास आहे.

'द क्रू'मध्ये डाव बुडाला तर पाने पुन्हा वाटतात आणि तीच मोहीम पुन्हा खेळतात. कितव्या खेपेस जमले ते नोंदवहीत लिहून ठेवतात. पुतण्या पाने पिसू लागला. आम्ही दादांना म्हटले, "हा डाव झाला की तुमच्या त्या पत्राविषयी विचारायचंय."

"कुठलं पत्र?" दादांनी विचारले.

खेळात बोलायला बंदी होती. पण पाने अजून वाटायची होती. आम्ही सांगायला सुरुवात केली.