तो तसाच आहे

मित्रांचे दोष मला तोंडपाठ आहेत. एकाला वेळ पाळता येत नाही. तो ‘सातला भेटू’ म्हणाला की मी साडेसातला पायांत चपला सरकवतो. दुसरा नेलेलं पुस्तक परत करत नाही, आणि केलंच तर मुखपृष्ठावर चहाचा गोल उमटलेला असतो. तिसरा मान्सूनवरून, क्रिकेटवरून, कशावरूनही पाच मिनिटांत मुलाच्या पगारावर येतो. बिल आलं की हात धुवायला उठणारा एक आहे, पण तो तर प्रत्येक कट्ट्यावर असतोच. या सगळ्यांवर मी चिडलो आहे, अबोले धरले आहेत. पन्नाशीनंतर मात्र ती धग ओसरली. ‘जाऊ दे रे, तो तसाच आहे’ म्हणायचं आणि आणखी एक कटिंग सांगायचा. यात आमचा काही मोठेपणा नाही. नवे मित्र जोडण्याचं वय सरलं की आहेत त्यांना सूट मिळू लागते, इतकंच. शिवाय माझी आई आजारी होती तेव्हा दवाखान्याच्या बाकावर रात्रभर घड्याळाकडे न बघता बसला होता, तो हाच वेळ न पाळणारा. त्याच्यातलं कोणतं ठेवायचं आणि कोणतं टाकायचं?

अवघड आहे ते दुसरंच. ‘तो तसाच आहे’ हे माझ्याबद्दलही म्हटलं जात असणार, मी कट्ट्यावरून उठलो की. काय म्हणत असतील याचा अंदाज मला बायकोमुळे आहे. कुणी रंगात येऊन ‘शहाऐंशी साली आम्ही’ म्हणून सुरुवात केली की ‘शहाऐंशी नाही, सत्त्याऐंशी’ असं मी मध्येच टाकतो. सांगणाऱ्याचा चेहरा पडतो. साल बरोबर असतं, गोष्ट मात्र तिथेच मरते. आणि ही खोड कुणी दाखवली की माझं उत्तर तयार असतं: ‘पण तो चुकीचं सांगत होता!’

अशा वेळी मला टिळक आणि आगरकर आठवतात. दोघेही १८५६ चे. डेक्कन कॉलेजात जमलेलं मैत्र पुढे शाळेत आणि ‘केसरी’त मुरलं. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात शिक्षा होऊन १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. रात्री दोघांच्या गप्पा अशा रंगत की आवाज चढे आणि पहाऱ्यावरच्या शिपायाला दटावायला यावं लागे. देशाचं काय करायचं, आयुष्याचं काय करायचं, सगळं तिथे बोलून झालं. पंचविशी-सव्विशीतली पोरं ती. इतकं बोलणं पुन्हा त्यांच्या वाट्याला आलं की नाही, कोण जाणे.

पुढचं आपण शाळेत शिकलो आहोत: आधी राजकीय की आधी सामाजिक. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. १८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. मधल्या काळात संस्थेत पगारवाढीवरून आणि बाहेरच्या कमाईवरून जी धुसफूस झाली, ती धड्यांत फारशी येत नाही. मला तर वाटतं, तत्त्वांवरून मैत्री सहसा मोडत नाही. ती मोडते बोलण्याच्या तऱ्हेने. आगरकरांची लेखणी काही मऊ नव्हती, आणि टिळकांना तर कॉलेजातच ‘मिस्टर ब्लंट’ हे नाव पडलं होतं.

त्या राजीनाम्यासोबत टिळकांनी एक लांबलचक निवेदन दिलं. त्यात सहकाऱ्यांवरची गाऱ्हाणी आहेत, हिशेब आहेत, जुनी प्रकरणं आहेत. आणि त्यातच त्यांनी स्वतःबद्दलही लिहिलं आहे. आशय असा, की माझा मला ठाऊक असलेला मुख्य दोष म्हणजे माझी तिखट, लागट भाषा. सुरुवात मी करत नाही, पण डिवचलं गेलं की झोंबरी उत्तरं देतो आणि टीका करताना कुणाची भीड ठेवत नाही. ‘सुरुवात मी करत नाही’ ही पुस्ती वाचली आणि मला हसू आलं. एवढा मोठा माणूस, पण कबुली देतानाही मागचं दार किलकिलं ठेवतोच! माझं ‘पण तो चुकीचं सांगत होता’ याच जातीचं. तरीही संस्था सोडून चाललेले किती जण असं काही लिहितात? आपल्याकडे तर निरोपाच्या भाषणातसुद्धा उणं निघतं ते दुसऱ्यांचंच.

फक्त ती जागा मला चुकीची वाटते. कार्यालयीन कागदातल्या कबुलीने संस्थेचं दप्तर जाड होतं, तुटलेलं काही सांधत नाही. त्यानंतर पाचच वर्षांत, १७ जून १८९५ रोजी, दम्याने पोखरलेले आगरकर गेले. वय अवघं ३८. स्वतःच्या अंत्यविधीचा खर्चही त्यांनी पुडीत बांधून ठेवला होता. टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला आणि त्यात जुन्या स्नेहाची आठवण काढली. तो लेख वाचायला आगरकर नव्हते.

तेव्हा एक करा. ज्याच्या खोडी तुम्हाला पाठ आहेत, अशा एखाद्या मित्राला विचारा, ‘माझं तुला काय खटकतं रे?’ तो सांगेल, कदाचित जरा जास्तच सांगेल. मध्ये बोलू नका. त्याने साल चुकीचं सांगितलं, तरी नाही.