पाण्याची खतावणी

कसबा पेठेतील तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या एका जुन्या पेढीवर रोजमेळ हाताने लिहिण्याचा शिरस्ता आजही चालू आहे. एका रुपयाचा फरक राहिला, तरी पेढीचे मालक दुकान बंद करीत नाहीत. अशा या हिशेबी गृहस्थांनी वयाच्या 68 व्या वर्षी पर्यावरणशास्त्राचा श्रीगणेशा केला.

निमित्त झाले नातीच्या पाठ्यपुस्तकाचे. वाणिज्य शाखेच्या मुलीला हा विषय कशासाठी, अशी त्यांची प्रथम कुरकुर होती. मग त्यामागची हकिकत कळली. 1991 मध्ये वकील महेश चंद्र मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा निर्देश दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने तो पदवीच्या सर्व शाखांना लागू केला. आयोगासाठी पाठ्यपुस्तक लिहिले ते पुण्याचेच शल्यविशारद डॉ. एराच भरुचा यांनी. शस्त्रवैद्य निसर्गावर लिहू शकतो, तर भांडी विकणाऱ्याने वाचायला काय हरकत, असे म्हणून आजोबांनी नातीजवळ बैठक मांडली.

पहिलाच धडा त्यांना आपलासा वाटला. पदार्थ नाहीसा होत नाही. तो केवळ रूप आणि जागा बदलतो. जिथून गेला तिथे नावे, जिथे पोहोचला तिथे जमा. ही तर खतावणीच! पण नातीने तीच वही त्यांच्यासमोर उघडली. "आजोबा, परसातल्या टाकीतलं पाणी कुठे जातं?"

डागाळलेली पितळी भांडी उजळण्यासाठी परसात सौम्य तेजाबाची टाकी होती. वापरलेले पाणी गटारात ओतले जाई. त्या संध्याकाळी दोघांनी नकाशा पसरला. गटारातून मुठा, संगमावर मुळा, रांजणगाव सांडस येथे भीमा आणि पुढे उजनी. उजनीचे पाणी सोलापूरला जाते आणि त्यांची लेक सोलापूरला दिलेली. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय ओठांना लागत नाही, त्या घरचे शेठजी बराच वेळ नकाशावरून बोट फिरवीत राहिले.

वाटेत शुद्धीकरण केंद्र असेल, हा दिलासाही टिकला नाही. अशी केंद्रे मुख्यतः सेंद्रिय मळ कमी करण्यासाठी असतात. धातू एकतर तेथील गाळात बसतो किंवा पाण्याबरोबर पुढे जातो. शरीराला तांबे अल्प प्रमाणात लागते, पण पाण्यात विरघळलेले थोडेसे तांबेही मासे आणि शेवाळ यांना घातक ठरते. प्रश्न मात्रेचा होता. आम्लता मोजण्याच्या मापात दोन आणि सात यांत अंतर पाच अंकांचे दिसते; प्रत्यक्षात ते एक लाख पटींचे असते, हे समजल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या शिक्षकांचा सल्ला घेऊन त्यांनी वापरलेले पाणी पिंपात साठवण्यास प्रारंभ केला. त्यात चुन्याची निवळी हळूहळू मिसळली की तांबडा होणारा लिटमस कागद निळा होऊ लागे आणि तळाशी निळसर हिरवा गाळ बसे. वरचे पाणी तपासल्याखेरीज सोडायचे नाही, असा दंडक पडला. तीस वर्षे राबलेला कारागीर म्हणाला, "शेठजी, इतकी वर्षं असंच ओततोय. काय झालं?"

"इतकी वर्षं नोंद केली नाही, म्हणून देणं फिटलं का?" शेठजींनी विचारले.

गाळाचा प्रश्न मात्र उरलाच. तो कचऱ्यात टाकणे म्हणजे एका खात्यातली रक्कम गुपचूप दुसऱ्या खात्यात ढकलणे. घातक कचरा अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो आणि त्याचा खर्च भांड्यांच्या किमतीत बसविणे सोपे नाही. गाळाचे बंद डबे अद्याप कोठीत आहेत. महिन्याच्या हिशेबात तेही मोजले जातात.

दिवाळीला वहीपूजन झाले. शेठजींनी नव्या वहीत 'पाणी' या नावाने खाते उघडले. चुना, तपासणी, पिंपे अशा रकमा पडल्या. सर्वांत वर त्यांनी 'मागील बाकी' असे लिहिले आणि लेखणी थांबली.

"आजोबा, आकडा?" नातीने विचारले.

"कधी मोजलाच नव्हता, बेटा," ते म्हणाले, आणि ती जागा कोरी ठेवून त्यांनी वही मिटली.