योग्य दुभाषी

गेल्या कार्तिकांत दिग्रस येथील आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. प्रसंग संगणकाचा खरा. परंतु त्याचा धागा घरांतील पितरांपर्यंत पोंचतो, आणि असा प्रसंग हल्लीं कोणत्याही कुटुंबावर येण्याजोगा आहे. म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचे ज्येष्ठ बंधू गणिताचे शिक्षक. सेवानिवृत्तीनंतर त्यांस संगणकाचा नाद लागला, व इ. स. २०१५ च्या सुमारास त्यांनीं केवळ हौसेनें पंचांगाची एक आज्ञावली लिहिली. इंग्रजी तारीख घातली कीं ती त्या दिवसाची तिथि सांगे. चंद्र सूर्याच्या पुढें १२ अंश सरकला म्हणजे एक तिथि पुरी होते. पण चंद्राची गति सदैव सारखी नसल्यामुळें एखादी तिथि २० तासांच्या आंत आटोपते, तर एखादी २६ तासांवर लांबते. त्यांतून सूर्योदय गांवोगांव निराळा. दिग्रसचे रेखांश सुमारें ७७ अंश ४३ कला, आणि भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची. म्हणजे आमची स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारें १९ मिनिटें मागें. हा फरक बंधूंनीं मोठ्या आवडीनें हिशेबांत धरला होता. "मुंबईचा सूर्य मुंबईला, आपला दिग्रसचा," असें ते म्हणत.

त्याच आज्ञावलींत त्यांनीं घरांतील चार पिढ्यांचीं टिपणें ठेविलीं होतीं. कोण कोणत्या तिथीस वारलें, कोणाच्या श्राद्धास अळूची भाजी हवीच, आजीला कोणतीं फुलें आवडत, असें सारें त्यांत होतें. कागदावर मात्र त्यांतील कांहींही उतरलेलें नव्हतें, आणि ती फाइल त्या आज्ञावलीवांचून दुसऱ्या कशानेंही वाचतां येत नव्हती.

दोन वर्षांपूर्वीं बंधू निवर्तले. त्यांच्या पश्चात् त्या यंत्रास कोणी हात लावला नाहीं, आणि गेल्या पावसाळ्यांत तें कायमचें बंद पडलें. सुदैवानें आंतील साठा शाबूत निघाला. तो आम्हीं नव्या संगणकावर उतरविला. आज्ञावलीच्या चिन्हावर दोनदां टिचकी मारली, तों 'ही कोणत्या साधनानें उघडूं?' असा उलट प्रश्न आम्हांसच आला. वहिनी दाराशीं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचें तें पंचांग पुन्हां चालूं होईल का हो?"

आम्हीं नागपुरास असलेल्या भाच्यास दूरध्वनि केला. तो म्हणाला, "मामा, आज्ञावली बिघडलेली नाहीं. तिला लागणारा रनटाइम तुमच्या नव्या संगणकावर नाहीं, इतकेंच."

हा रनटाइम म्हणजे काय, तें त्यानें समजाविलें. बंधूंनीं आज्ञावली लिहिली होती जावा ह्या भाषेंत. जेम्स गॉस्लिंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं घडविलेली ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स ह्या अमेरिकन कंपनीनें १९९५ सालीं जगापुढें आणिली. २०१० सालीं ती कंपनीच ओरॅकलकडे गेली. निरनिराळ्या जातींच्या यंत्रांची भाषा निरनिराळी. एकासाठीं तयार केलेलें दुसऱ्यास समजत नाहीं. म्हणून जावांतील आज्ञावली आधीं एका मधल्या भाषेंत उतरवितात. आज्ञावली चालूं असेपर्यंत तिच्या शेजारीं बसून ही मधली भाषा यंत्रास समजावून देणारा जो दुभाषी, तोच रनटाइम. ह्या भाषेंतील प्रत्येक फाइलीच्या आरंभीं आवृत्तीचा अंक घातलेला असतो. जावा ८ चा अंक ५२. नवा दुभाषी जुना अंक वाचूं शकतो. जुना दुभाषी नवा अंक दिसतांच हात जोडतो.

हें ऐकून, सर्वांत नवा दुभाषी आणिला म्हणजे काम झालें, असें आम्ही समजलों. तसा आणिला. भाच्याच्या सांगण्यावरून काळ्या खिडकींत आज्ञा लिहून आज्ञावली चालविली, तों उत्तर आलें कीं 'जावाएफएक्स' नांवाचा भाग येथें नाहीं. खिडक्या, गुंड्या, तक्ते पडद्यावर काढण्याचें काम हा भाग करतो. जावा ८ च्या काळीं ओरॅकलच्या जावांत तो अंतर्भूत असे; २०१८ सालीं निघालेल्या जावा ११ पासून तो वेगळा काढण्यांत आला. बंधूंनीं लिहिलें तें एकत्र कुटुंबाच्या काळीं. पुढें वाटण्या झाल्या, हें त्यांच्या आज्ञावलीस कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशीं आम्हीं जावा ८ च आणिला, पण तो दुसऱ्या एका ठिकाणचा. अंक बरोबर, तरीही नकार! त्या प्रतींतही जावाएफएक्स नव्हता. आम्ही त्रासलों; परंतु मग विचार केला, कीं ऋग्वेदी यजमानाच्या घरीं पाट मांडले, दर्भ-तीळ काढून ठेविले, आणि आले ते गुरुजी यजुर्वेदी, तर दोष कोणाचा? तेही वेदमूर्तिच, केवळ त्या घरचा प्रयोग त्यांच्या शाखेचा नव्हे. तेव्हां रागावण्यापेक्षां शाखा विचारून बोलावणें बरें.

अखेर भाच्यानें शोधून सांगितलें, कीं लिबेरिका नांवाच्या विनामूल्य जावाची 'फुल' ही आवृत्ति ८ घ्यावी, तींत जावाएफएक्स असतो. आणि ती कर्त्यांच्या मूळ स्थळावरूनच घ्यावी, वाटेंत 'येथें दाबा' म्हणून हांका मारणाऱ्यांकडून नव्हे. नवा जावा इतर कामांसाठीं राहूं द्यावा. जुना मात्र सोवळ्याच्या कळशीसारखा निराळ्या फोल्डरांत ठेवून, आज्ञावली सुरू करणाऱ्या ओळींत त्याचा पुरा पत्ता लिहावा, म्हणजे संगणक चुकून नव्यास हांक मारणार नाहीं.

तसें केलें, आणि बंधूंची ती फिकट पिवळी खिडकी पडद्यावर उमटली. खात्रीसाठीं २०२३ सालचा जुलै महिना काढून पाहिला. १८ तारखेपासून अधिक श्रावण बरोबर दाखविला. मग टिपणें उघडलीं. आजोबा, आजी, काका, सगळे आपापल्या जागीं होते. सर्वांत शेवटीं बंधूंचें स्वतःचें नांव. जन्मतिथि लिहिलेली, पुढचा रकाना रिकामा.

आम्हीं वहिनींकडे पाहिलें. त्यांनीं मान हालविली. आम्हीं ती तारीख घातली. क्षणभरांत उत्तर आलें: मार्गशीर्ष वद्य पंचमी.

"तिथि तर मला पाठच आहे," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचें गणित अजून चुकत नाहीं ना, एवढेंच पाहायचें होतें."

त्याच रात्रीं आम्हीं सर्व टिपणें वहींत उतरून घेतलीं. वहीच्या पहिल्या पानावर आज्ञावलीचें नांव, तिला लागणारा जावा कोणता, त्याची आवृत्ति काय, तो कोठें ठेविला आहे, हें शाईनें लिहिलें. बंधूंनीं आज्ञावली लिहितांना हें लिहिलें नाहीं, कारण तेव्हां तो दुभाषी घरांतच होता. घरांतल्या माणसाचा पत्ता कोण लिहून ठेवतो? पण जो आपल्यामागें कांहीं ठेवूं इच्छितो, त्यानें आपलें लिखाण कोणाच्या तोंडून बोलेल हेंही लिहून ठेवावें. नाहींतर पुढच्यांच्या हातीं पोथी उरते, आणि ती वाचून दाखविणारा मिळत नाहीं.