फळ्यावरची कमान

बाबांनी तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत भूगोल शिकवला. समुद्राच्या लाटांचे खननकार्य हा त्यांचा आवडता पाठ. खडूच्या चार रेघांत ते फळ्यावर कडा काढीत, मग त्यात गुहा, गुहेची कमान आणि कमान कोसळल्यावर पाण्यात एकटा उरणारा स्तंभ. सागरी कमान त्यांनी शेकडो मुलांना शिकवली, स्वतः मात्र कधी पाहिली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, हाड जुळले. परंतु पुन्हा पडण्याची भीती घरातून काही गेली नाही. खरे सांगायचे तर ती त्यांच्यापेक्षा माझ्याच मनात अधिक होती. ‘बाबा, उठू नका, मी देते’ हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणत असे, कोण जाणे! भीतीपोटी हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंमुळे पडण्याचा धोका वाढतो, हे चक्र मी रुग्णांच्या नातेवाइकांना नेहमी समजावते. घरी मात्र तेच चक्र मी स्वतःच्या हातांनी फिरवीत होते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मॉरिशसला गेलो. आग्नेय किनाऱ्यावर, विमानतळापासून थोड्याच अंतरावर, ‘पाँ नात्युरेल’ म्हणजे ‘नैसर्गिक पूल’ नावाची काळ्या लाव्हाची कमान आहे, हे बाबांनी निघण्यापूर्वीच नकाशात शोधून ठेवले होते. वाट उसाच्या मळ्यांतून जाणारी, कच्ची आणि खाचखळग्यांची. आमच्या चालकाचे पूर्वज कोकणातून गिरमिट करारावर याच उसासाठी इकडे आलेले. तो बोलत होता क्रिओल, पण गणपतीचा विषय निघताच त्याच्या तोंडी ओळखीचे मराठी शब्द आले. बाबा एकदम खुलले.

मॉरिशसच्या बहुतेक किनाऱ्याला प्रवाळाच्या कड्याचे कुंपण आहे. त्यामुळे आतले पाणी तळ्यासारखे शांत असते. दक्षिणेकडे काही भागात हे कुंपण तुटलेले आहे. तेथे हिंदी महासागराच्या लाटा काही अडसर न येता थेट खडकावर आदळतात. गाडी थांबली तेव्हा पाणी दिसण्याआधी त्यांचा आवाज ऐकू आला.

“तुम्ही गाडीतच बसा, मी फोटो काढून आणते,” मी म्हणाले.

बाबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “फोटो मी पुस्तकात खूप पाहिलेत गं.”

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी गाडीतून उतरून आधी एकटीने जागा पाहून आले. कमानीच्या बाजूला, कड्यापासून बरेच आत, एक सपाट पट्टा होता. तेथून कमान पूर्ण दिसत होती. अंतर साठ-सत्तर पावलांचे. बाबांना गाडीच्या दारात पाय बाहेर सोडून दोन मिनिटे बसवले, कारण बराच वेळ बसून एकदम उठले की रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. जवळचा-लांबचा एकत्र असलेला चष्मा काढून लांबचा दिला. एकत्र चष्म्याच्या खालच्या भागातून पायाखालची जमीन धूसर दिसते आणि ठेच लागते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. मी आधारासाठी दंड धरायला गेले, तर त्यांनीच माझा दंड धरला. ते बरोबर होते. पडणाऱ्याला आपण धरण्यापेक्षा त्याने आपल्याला धरलेले अधिक सुरक्षित असते.

मी घडीचे स्टूल उघडले. बाबा बसले आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत.

समोर काळ्याकभिन्न खडकाची एक रुंद तुळई पाण्यावर आडवी पडली होती. तिच्याखालून लाट आत शिरे, फेसाचा पांढरा लोट उसळे आणि परत जाताना खडकाच्या भेगाभेगांतून पाणी ओघळत राही.

“मी फळ्यावर भूशिराच्या दोन्ही बाजूंनी गुहा काढायचो,” बाबा अखेर म्हणाले. “इथे तसं नाही. लाटांनी आत गुहा कोरली आणि तिचं मागचं छत कोसळलं. पुढची पट्टी तेवढी उरली, तोच हा पूल.” मग त्यांनी पायाजवळच्या खडकावर काठी टेकवली. “आणि हा आपला भाऊबंद आहे. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्थळातून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा आला, त्यातूनच पुढे हे बेट वर आलं. आपली भूमी उत्तरेला सरकत गेली आणि ते स्थळ आज शेजारच्या रीयुनियन बेटाखाली धगधगतंय.” सह्याद्रीच्या कुशीत आयुष्य काढलेला माणूस समुद्रापलीकडे आपल्याच घरचा दगड पाहत होता.

मला तो क्षण वरून टिपायचा होता. काही पर्यटक पुलावर उभे होते. मीही मोबाइल घेऊन निघाले. दहा पावले गेले असेन, तोच मागून वर्गातला जुना आवाज आला, “परत ये!”

मी वळले. बाबांनी काठी उचलली होती. “तू सांगितलंस म्हणून मी इथे बसलो. आता तू माझं ऐक. ज्या घराचं छत पडलंय, त्याच्या तुळईवर उभं राहू नये. माल्टाची प्रसिद्ध कमान २०१७ साली एका वादळात नाहीशी झाली. ती चुनखडीची होती, पण कोणतीच कमान कायमची नसते.”

मी मुकाट्याने परतले. दोन वर्षांत प्रथमच त्यांनी मला जपले होते. ते करताना त्यांचा चेहरा जितका टवटवीत होता, तितका माझ्या कोणत्याही औषधाने झाला नव्हता. सांभाळ एकाच दिशेने वाहू लागला की ज्याला सांभाळायचे तो हळूहळू वस्तू होऊन बसतो, हे मला त्या काठावर उमगले.

आपल्याकडील वडीलधाऱ्यांना असा प्रवास घडवायचा असेल, तर तयारी महिनाभर आधी सुरू करावी. खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव, कट्टा धरून टाचा उचलणे, बागेतल्या मातीवर रोज थोडे चालणे, हे व्यायाम त्यांच्या डॉक्टरांना विचारून करावेत. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी कशी ठेवायची, तेही विचारावे. प्रसाधनगृह नाही म्हणून पाणी पिणे मात्र तोडू नये. औषधे हातातल्या पिशवीतच असावीत. विमानात अधूनमधून उठावे, बसल्या जागी घोटे हलवावेत. मुक्कामाला पोहोचल्यावर ‘तुम्ही बसा’ म्हणण्याआधी जागा स्वतः पाहून यावे. बहुतेक ठिकाणी कडा आणि गाडी यांच्या मधे कुठेतरी स्टूल ठेवण्याजोगी एक सपाट जागा असतेच.

घरी आल्यावर बाबांनी नातवाच्या वहीत कमान काढली. यावेळी गुहेच्या मागचे छत कोसळलेले होते आणि बाजूला, कड्यापासून दूर, एक छोटेसे स्टूल होते.