करंडीतला उंदीर

भर्तृहरीच्या नीतिशतकात करंडीतल्या सापाचा एक श्लोक आहे. वामनपंडितांनी ही शतके मराठीत आणली, त्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांना तो अगदीच परका नाही. भुकेने गलितगात्र झालेला साप जगण्याची आशा सोडून करंडीत पडला आहे. रात्री एक उंदीर करंडीला भोक पाडतो आणि नेमका त्याच्या तोंडात पडतो. साप त्याला खातो व त्याच भोकातून निसटतो. उत्कर्ष आणि अपकर्ष दैवाधीन, हे तात्पर्य. उंदराचे दैव मात्र तात्पर्याबाहेर राहते. तो आपण होऊन पडला, एवढे सांगून कवी मोकळा होतो.

आमची तशी सोय नाही. आम्ही पतिपत्नी दोघेही मराठीचे अध्यापक. भाचा शिक्षणासाठी पुण्याला गेला आणि त्याचा सव्वा मीटर लांबीचा बॉल पायथन आमच्या सोलापूरच्या घरी राहिला. नाग, धामण, आपल्याकडचा अजगर यांना पाळणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. हा प्राणी आफ्रिकेतला. 2022ची दुरुस्ती व 2024चे नियम यांनुसार त्याची रीतसर नोंदणी झालेली आहे. कागदपत्रांची बाजू सोपी. दर पंधरवड्याला उंदीर निवडायचा कोणी, हा प्रश्न उरला.

निवडीचे शास्त्र आहे, आणि ते आम्ही निमूटपणे शिकलो. सापाच्या अंगाचा जो सर्वांत जाड भाग, साधारण तेवढ्याच जाडीचा उंदीर द्यावा. साप घास चावत नाही, अख्खा गिळतो. हाडांतूनच त्याला कॅल्शियम मिळते. म्हणून मोठ्या सापाला बिनकेसांची, कोवळ्या हाडांची गुलाबी पिल्ले मूठभर देऊन भागत नाही. जिवंत उंदीर देणे तर धोक्याचे, कारण जिवावर बेतलेला उंदीर सापाला कडकडून चावतो. बाळीवेशीतील एका ओळखीच्या धान्य दुकानदाराने पिंजऱ्यातले उंदीर फुकट देऊ केले होते. मोठ्या मनाचा माणूस! पण गोदामातला उंदीर झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोन खाऊन आलेला असू शकतो, आणि उंदराचे विष व कृमी सापाच्या पोटात उतरतात. सबब खास पैदास केलेला, मारून गोठविलेला पांढरा उंदीर. तो रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सावकाश वितळवायचा, मग कोमट पाण्यात पिशवीसकट ठेवून ऊब आणायची. या जातीचा साप भक्ष्य ओळखतो ते बरेचसे उष्णतेवरून.

‘भक्ष्य’ हा शब्द तरी येथे लागू पडतो का? सावजाला निदान पळण्याची संधी असते. ज्याचा जन्मच खाद्य होण्यासाठी घडविला, त्याच्यासाठी मराठीत शब्द नाही. कोंबड्या-बकऱ्यांसाठी आपल्याला तो कधी लागला नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे.

आमच्या आई शाकाहारी. मटाराच्या पिशवीशेजारी झाकणाचा वेगळा डबा पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दूध का देत नाही?” धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही समजूत त्यांच्या माहेरी ज्वारीच्या कणगीइतकीच जुनी. वस्तुतः धामण गोठ्याकडे येते ती उंदरांसाठी. तिला ओठ नाहीत, ती आचळ ओढणार कशी? गारुड्याचा नाग वाटीत तोंड घालतो, कारण त्याला कित्येक दिवस पाणीही दिलेले नसते. आईंनी हे शांतपणे ऐकले. “म्हणजे दूध पाजणारे आम्ही त्याला तहानलेला ठेवत होतो,” एवढेच त्या म्हणाल्या.

यंदा खाऊ घालण्याचा दिवस नेमका नागपंचमीला आला. त्या दिवशी घरात चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडे उकडायची. आमच्यात वाद झाला. एकाचे म्हणणे, साप काहीच चिरत नाही, तेव्हा नियम मोडतच नाही. दुसऱ्याला ही वकिली वाटली. शिवाय हा प्राणी महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, एका दिवसाने काय बिघडते? निर्णय आईंनी दिला. संध्याकाळी दिंडांचे पातेले उतरवल्यावर त्यांनी स्वतःच डबा खालच्या कप्प्यात ठेवला आणि म्हणाल्या, “उद्यापर्यंत वितळेल.”